राजांचे स्वभाव

सुलूआत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा घरात एक कूलर होता आणि एक कॉम्प्युटर, आणि दोन्ही एकाच वेळी लावले की फ्यूज जायचा. त्यामुळे रायपूरच्या उन्हाळ्यात आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये रोज दुपारी एक निर्णय घ्यावा लागे. बाबा घरी असले की कूलर. बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात ड्यूटीवर असले की कॉम्प्युटर, आणि मग मी आणि माझा मोठा भाऊ मिलिंद खांद्यावर ओला टॉवेल टाकून त्या पडद्यासमोर बसायचो. आई दोन्हीच्या विरोधात होती. कूलरनं घरात डास होतात आणि कॉम्प्युटरनं पोरं वाया जातात, असं तिचं म्हणणं होतं, आणि दोन्ही गोष्टी काही अंशी खऱ्या निघाल्या.

आत्या आली ती भरदुपारी, ऑटोरिक्षातून, एक सुटकेस आणि एक प्रेशर कुकर घेऊन. सुटकेस आम्हाला समजली. कुकर कशाला, असं आईनं विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "माझा हाय." एवढ्यावर तो विषय संपला आणि आमच्या घरात दोन कुकर झाले.

ती बाबांची धाकटी बहीण. लग्न करून भनपुरीला, रायपूरच्याच दुसऱ्या टोकाला, दिली होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे विलास फुफाजी, तिथल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे माल बुक करायचं काम करत. त्यांनी तिला कधी मारलं नाही. हे वाक्य मी त्या वर्षी फार वेळा ऐकलं. शेजारच्या बाया आईला ओट्यावर गाठून विचारायच्या, "मारत तं नव्हता ना?" आई म्हणायची, "नाही." मग त्या बाया अशा चेहऱ्यानं घरी जायच्या की जणू आत्यानं त्यांची काहीतरी फसवणूक केली आहे.

मारत नव्हते, मग काय करत होते, ते मला आत्यानं सांगितलं नाही. ती आणि आई अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या असताना मी आत दाराआड उभी राहून ऐकलं. ती याआधीही एकदा घर सोडून निघाली होती, बिलासपूरला एका मैत्रिणीकडे. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. फुफाजी तिथं गेले, रडले, तिला घेऊन आले. दोन-तीन महिने इतकं चांगलं वागले की सासूनं त्यांची दृष्ट काढली. मग म्हणाले, आईची तब्येत बरी नसते, शाळेची नोकरी सोड. आत्यानं सोडली. त्यानंतर काही दिवसांतच ते कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले. "ज्या दिवशी राजीनामा देल्ला ना वहिनी," आत्या सुपातला खडा बाहेर टाकत म्हणाली, "त्या दिवसापासून माणूसच दुसरा झाला. आवाजबी दुसरा." आई म्हणाली, "बापा." आणि दोघी पुढचे तांदूळ निवडू लागल्या.

आमचं घर वाईट नव्हतं, पण बोलकंही नव्हतं. आत्याशी काय बोलावं हे कोणालाच कळत नव्हतं. बाबा तिला सकाळी विचारायचे, "झोप लागली?" आणि रात्री विचारायचे, "जेवली?" मधल्या वेळेत ते पेपर वाचायचे. आईनं आपलं म्हणणं स्वयंपाकातून मांडायला घेतलं. पातोडीची भाजी झाली, सांभारवडी झाली, शेजारच्या छत्तीसगढी काकूंकडून शिकलेला फराही झाला, तांदळाच्या पिठाचा, वाफेवर शिजवून वर मोहरी-मिरचीची फोडणी दिलेला. घरात लग्न असल्यासारखं आम्ही जेवत होतो आणि मौत झाल्यासारखं गप्प बसत होतो. मिलिंद तर घरात मराठी फक्त ऐकायचा, बोलायचा हिंदीत. त्याला मराठी येत नव्हती असं नाही. तिची गरज पडत नाही, असं त्याचं मत होतं.

कॉम्प्युटर त्यानंच जोडला होता, एक एक भाग जमवून. डब्याचं एक बाजूचं झाकण कायम उघडं असे आणि आत धूळ बसू नये म्हणून आईनं त्याला जुन्या साडीचा पडदा शिवला होता. त्यावर एक गेम होता. नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. आई त्याला 'राजांचा खेळ' म्हणायची. एक नकाशा, त्यावर तुमचं राज्य आणि आजूबाजूला चार-पाच राज्यं. ती सगळी कॉम्प्युटर चालवायचा. प्रत्येक राज्याला एक तोंड होतं: एक टकला राजा, एक पांढऱ्या दाढीचा, एक हिरव्या लुगड्यातली राणी आणि एक गोरागोमटा, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण राजा. शेती करायची, लाकूड तोडायचं, खाणीतून लोखंड काढायचं, सैन्य उभारायचं. शेजाऱ्यांशी तह करायचे किंवा लढायचं. मिलिंद नेहमी लढायचा आणि नेहमी हरायचा.

आत्या आमच्या मागे लोखंडी पलंगावर बसून विणकाम करायची. एका दुपारी मिलिंदचं अर्धं राज्य हिरव्या राणीनं घेतलं तेव्हा मागून आवाज आला, "तू तिच्या वाटेले गेला नाही, तं तिनं तुले काहून मारलं?"

मिलिंद वळून न बघता म्हणाला, "उसका नेचर ही वैसा है, आत्या."

"नेचर कोणं ठरवलं?"

"जिसने गेम बनाया उसने. सेटिंग में रहता है."

"दाखव."

मिलिंदनं उसासा टाकून गेम थांबवला आणि सेटिंगचं पान उघडलं. प्रत्येक राजाच्या चेहऱ्याखाली चार-पाच आडव्या पट्ट्या होत्या आणि त्यांवर सरकवायचे ठोकळे. इंग्रजी शब्द आत्यानंच आम्हाला मराठीत सांगितले. आक्रमकता. मैत्री. लोभ. दिलेला शब्द पाळणं. राग धरून ठेवणं. हिरव्या राणीची आक्रमकता शेवटच्या टोकाला होती. आत्या विणकाम खाली ठेवून उठली, चष्मा पुसला आणि बराच वेळ ते पान बघत राहिली. मग म्हणाली, "हे बदलता येते?"

"हाँ, माउस से."

"सरक मंग."

त्या दिवसापासून दुपारचा कॉम्प्युटर आत्याचा झाला. ती भूगोलाची शिक्षिका होती आणि तिची पद्धत शिक्षिकेची होती. एका वेळी एकच ठोकळा सरकवायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं, मग नवा डाव लावायचा आणि काय होतं ते बघायचं. जिंकण्यात तिला काही रस दिसला नाही. मिलिंदला याचा फार त्रास व्हायचा. समोर फौज उभी आहे, दार उघडं आहे आणि आत्या तिथं गहू पेरत बसली आहे, हे त्याला बघवायचं नाही.

तिला जे सापडलं ते ती मोठ्यानं सांगायची, वर्गात सांगावं तसं. आक्रमकता टोकाला नेली की राजा लवकर येतो, अर्धवट फौज घेऊन येतो, आणि तटाशीच मरतो. "हा सगळ्यात सोपा," आत्या म्हणाली. राग धरून ठेवणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा एकदा तुम्ही त्याचं जंगल तोडलं की डाव संपेपर्यंत बोलत नाही, पण अंगावरही येत नाही. लोभी टकला हल्ल्याऐवजी सारखा काहीतरी मागत राहतो, आणि दिलं की पुढच्या खेपेला जास्त मागतो. एव्हाना आईही भाजी निवडायची परात घेऊन तिथंच बसायला लागली होती. तिला नियम कळत नव्हते, माणसं कळत होती. "टकल्या आज काहून गप्प हाय?" ती विचारायची. "त्याच्याकडचं लोखंड संपलं," आत्या सांगायची. "मंग येईनच थोड्या वेळात," आई म्हणायची, आणि तो यायचा.

आता हेच माझं काम आहे. पुण्यात एका कंपनीत बसून मी गेममधल्या राजा-राण्यांचे स्वभाव ठरवते. केस पांढरे झाले तरी ठरवते आहे. आमच्या खोलीत माझ्यापेक्षा निम्म्या वयाची मुलं असतात. खेळणारे आम्हाला लिहून पाठवतात की तुमची अमुक राणी माझा द्वेष करते, मी तिचं काय बिघडवलं आहे. ती कोणाचा द्वेष करत नाही. तिथं एक आकडा असतो, तो मी बुधवारी वाढवलेला असतो. पण मी तसं उत्तर पाठवत नाही. माणसाला द्वेष समजतो, आकडा समजत नाही, आणि खेळायला त्यांना पुन्हा यायचंच असतं.

आत्या सगळ्यात जास्त अडली ती त्या हसऱ्या तरुण राजापाशी. त्याची आक्रमकता मुळातच अगदी कमी होती आणि मैत्री जवळजवळ पूर्ण. तो डावाच्या सुरुवातीलाच भेटी पाठवायचा, तुमच्या शेतीचं कौतुक करायचा. आणि तुमची फौज दुसऱ्या सीमेवर गेली रे गेली की मागून येऊन शहर घ्यायचा. शब्द पाळण्याचा ठोकळा खाली असल्यामुळे असं होतं, हे आत्यानं लगेच ओळखलं. तिनं तो ठोकळा पार वर नेला. मैत्री पूर्ण, शब्द पाळणं पूर्ण, लोभ शून्य. संत करून ठेवला त्याला. नवा डाव लावला. तो भेटी पाठवत राहिला, आत्यानं विश्वासानं सीमेवरची फौज मोडून सगळे शिपाई शेतीला लावले, आणि त्यानं येऊन शहर घेतलं.

आत्या खुर्चीत मागे टेकली. "आता याचं का करावं?"

मिलिंदनं कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन इंटरनेटवर शोध घेतला आणि दोन दिवसांनी उत्तर आणलं. जेवताना सांगितलं. "आत्या, वो क्या है ना, प्रोग्राम पहले ये देखता है कि सामनेवाले के पास फौज कितनी है. बिलकुल नहीं है, तो सीधा अटैक. थोड़ी भी है, तब नेचर देखता है."

"म्हणजे स्वभाव मागाहून पाह्यते?"

"हव," मिलिंद म्हणाला. 'हो'साठीचा छत्तीसगढीतला हा एक शब्द आमच्या घरात तिन्ही भाषांत चालायचा.

आत्यानं दुसऱ्या दिवशी तपासलं. तोच राजा, तेच ठोकळे, फक्त या खेपेला सीमेवर थोडी फौज ठेवली. तो डाव संपेपर्यंत मित्र राहिला. लग्नात आहेर आणावा तशा भेटी आणत राहिला. आत्यानं कॉम्प्युटर बंद केला, त्याच्यावर साडीचा पडदा ओढला आणि बाबांसाठी कूलर लावला.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास ती चौबे कॉलनीतल्या एका खाजगी शाळेत जाऊन आली आणि संध्याकाळी जेवताना म्हणाली की तिला भूगोल मिळाला आहे, सहावी ते आठवी. बाबा म्हणाले, "मले विचारलं नाही." आत्या म्हणाली, "आता सांगून राहिली ना." ती मिलिंदची जुनी सायकल घेऊन जायला लागली. पावसात साडीवर रेनकोट घालायची आणि दोन्हीच्या ओझ्यानं हळूहळू चालवायची. पारावरची माणसं बघायची, तिनं कधी त्यांच्याकडे बघितलं नाही.

गणपती बसायच्या थोडं आधी विहारातले मेश्राम काका निरोप घेऊन आले. समाजातल्या कोणाचे मिटवामिटवीचे प्रश्न असले की ते मध्ये पडत. फुफाजींना आत्याला न्यायचं होतं, आणि पुढच्या रविवारी ते मोठ्या भावाला घेऊन येणार होते. बाबांचा चेहरा त्या दिवशी मोकळा झाला. मला तेव्हा ते आवडलं नाही, पण आज समजतं. क्वार्टर रेल्वेचा होता. बाबा निवृत्त झाले की तो जाणार होता, आणि मग आम्ही कुठं, आत्या कुठं, हा हिशेब ते रोज मनात करत असणार. "माणूस बदलते, सुलू," ते म्हणाले. आत्या मुलांच्या वह्या तपासत होती. म्हणाली, "हव, बदलते."

रविवारी ते आले. जय भीम झाले. फुफाजींनी गोल बाजारातून पेढ्यांचा मोठा डबा आणला होता. ते दिसायला चांगले होते, बोलायला त्याहून चांगले. बसल्या बसल्या म्हणाले, "चूक माझी होती, दादा. मी कोणाले दोष देऊन नाही राहिलो." मेश्राम काकांनी मान डोलावली, जणू ते वाक्य त्यांनीच लिहून दिलं होतं. आत्या पदर खोचून दारात उभी नव्हती राहिली. खुर्ची ओढून समोर बसली होती. थोरल्या भावाला ते आवडलेलं दिसलं नाही.

"मी शाळा सोडणार नाही," आत्या म्हणाली.

"कोण म्हणते सोड? कर ना," फुफाजी म्हणाले.

"दर रविवारी इथं येईन."

"मी स्वतः आणून सोडतो."

"घराची एक चाबी माझ्याजवळ राहीन."

"दोन घे," फुफाजी हसून म्हणाले, आणि मेश्राम काका मोठ्यानं हसले. बाबाही हसले. आई चहा टाकायला उठली. मला वाटलं, झालं.

आत्या म्हणाली, "मंग आता नाही येत. दिवाळीपर्यंत इथूनच शाळा करते. तुम्ही रविवारी येत जा. दिवाळीले पाहू."

बाहेर कोणीतरी मांडवाच्या लाउडस्पीकरची परीक्षा घेत होतं; "हॅलो, चेक, चेक" असं येत होतं. थोरला भाऊ म्हणाला, "हे का परीक्षा हाय का?"

"हव," आत्या म्हणाली.

ते गेल्यावर बाबा तिच्यावर पहिल्यांदा ओरडले. "माणूस सगळ्याले हव म्हणून राहिला, अन् तू तरीबी..."

"म्हणूनच, दादा," आत्या म्हणाली. ती कप गोळा करून आत घेऊन गेली.

फुफाजी खरंच यायला लागले. दर रविवारी, वेळेवर, काहीतरी घेऊन. आणि ते चांगले होते, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. मिलिंदशी ते गाड्यांबद्दल बोलायचे. मला मुलगी म्हणून बाजूला न ठेवता, तू काय शिकून राहिली, असं विचारायचे आणि उत्तर ऐकायचे. आईचा फरा तिसऱ्यांदा वाढून घ्यायचे. एका रविवारी कूलर आणि कॉम्प्युटर यांची गोष्ट निघाली तेव्हा ते स्टुलावर चढले, फ्यूजची जुनी बारीक तार काढून खिशातली जाड तार बसवली आणि म्हणाले, "लावा आता दोन्ही." आम्ही लावले. दोन्ही चालले. आमच्या घरातला सगळ्यात जुना प्रश्न त्यांनी पाच मिनिटांत सोडवला होता. मिलिंद तर त्यांच्याकडे असा बघत होता की आत्यापेक्षा तोच त्यांच्याबरोबर भनपुरीला जाईल. आत्या सायकलच्या चाकात हवा भरत होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती शाळेतून उशिरा आली. नवरात्रातली देवीची गाणी चालू होती, घरात बोललेलं नीट ऐकू येत नव्हतं. तिनं हातपाय धुतले, जेवायला बसली, आणि वरणभात कालवत सांगितलं की मुख्याध्यापिका तिवारी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं होतं. मॅडम म्हणाल्या, "आपके पति आए थे. कह रहे थे आप अगले महीने से नहीं आएँगी, तो हम दूसरी टीचर देख लें. मैंने सोचा, एक बार आपसे पूछ लूँ."

लाउडस्पीकरवर गाणं बदललं. आई म्हणाली, "कोणता पती?" ती इतकी गोंधळली होती.

बाबांनी विचारलं, "कोणत्या दिवशी गेला होता?"

"सोमवारी."

सोमवार म्हणजे फ्यूज बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाबांनी जेवण पूर्ण केलं, हात धुतला, स्टूल ओढलं, मेन स्विच बंद केला. आम्ही अंधारात बसलो. बॅटरी तोंडात धरून त्यांनी ती जाड तार काढली आणि कुठून तरी शोधून जुनी बारीक तार परत बसवली. दिवे आले तेव्हा ते स्टुलावरून उतरत म्हणाले, "आग लागली असती घराले." त्या दिवसापासून आम्ही पुन्हा दोहोंतलं एक निवडू लागलो. कोणी तक्रार केली नाही, मिलिंदनंही नाही.

रविवारी फुफाजी आले, या खेपेला खोव्याची जिलबी घेऊन. बाबा आत दाढी करत होते. फुफाजींनी डबा मिलिंदच्या हातात दिला आणि बसले. आत्यानं चहा आणून ठेवला आणि समोर बसली.

"तुम्ही शाळेत गेले होते?"

ते गडबडले नाहीत. हसले. "तुझ्यासाठीच गेलो. तुले सांगाले जड जात असन मॅडमले, म्हटलं आपणच सांगू."

"मले जड नाही जात. आता तुमाले सांगून राहिली. मी येत नाही. दिवाळीलेबी नाही."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. तेव्हा मी त्यांचा दुसरा आवाज ऐकला. मोठा नव्हता, उलट खाली गेला होता, आणि त्यात कोणताच चढउतार नव्हता. "किती दिवस ठेवतीन हे लोक तुले?" ते म्हणाले. "भावाचा क्वार्टर रेल्वेचा हाय. भाऊ रिटायर झाला का हे पोट्टे तुले दारात उभं करतीन का? विचार कधी त्यायले. विचारलं का?"

आत्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. मी तिथंच होते, मिलिंद होता, आई स्वयंपाकघराच्या दारात होती. आमच्यापैकी कोणी काहीतरी बोलायला हवं होतं.

बाबा एका गालावर साबण घेऊन बाहेर आले. त्यांनी कपाकडे बघितलं. "चहा झाला का, विलासराव?"

"हव."

"मंग निघा. पाऊस येऊन राहिला."

आभाळ निरभ्र होतं. फुफाजी उठले, चपला घातल्या. बाबा म्हणाले, "मिलिंद, त्यायचा डबा दे त्यायले." मिलिंदनं डबा पुढे केला. त्याचं तोंड भरलेलं होतं आणि डबा बराच हलका झाला होता. फुफाजींनी तो घेतला. आपलं सामान कमी भरलं आहे हे ट्रान्सपोर्टवाल्याला हातात घेताच कळतं. ते तसाच डबा काखेत घेऊन निघून गेले.

मागच्या वर्षी मी रायपूरला गेले तेव्हा आत्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात लोणच्याच्या फोडी वाळवत होती. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, कोर्टाचं सगळं रीतसर होऊनही बरीच वर्षं झाली. मी तिला सांगितलं की मी पोट भरते ते तिच्या जिवावर. राजाचा स्वभाव कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, हे मी तिच्या मागे बसून शिकले. आणि फुफाजींना तिनं कसं ओळखलं, तेही मला त्या गेममुळेच कळलं. आत्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं ती सातवीतल्या एखाद्या मुलाकडे बघत असेल, ज्यानं नकाशा उलटा धरला आहे.

"गेमचं का घेऊन बसली?" ती म्हणाली. "तो कसा हाय ते मले लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माहीत होतं. गेम मी खेळो, काहून का मी तिथं बसली का तुम्ही सगळे माझ्या मांगं येऊन बसत होते. नाही तं कोण बोलत होतं त्या घरात? त्याचं मले काही शिकायचं नव्हतं. तुम्ही लोक कसे आहा, ते माहीत नव्हतं."

फोडी उलटत ती पुढे म्हणाली, "अन् त्यानं जे म्हटलं का विचार त्यायले, ते खरं होतं. मी विचारलंच नव्हतं."

तिनं विचारलं ते त्याच दिवशी. फुफाजी गेल्यावर आईनं कप उचलला आणि विसळायला नेला. बाबा आरशासमोर परत गेले आणि राहिलेला गाल करू लागले. आत्या उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. आरशात दोघांचे चेहरे दिसत होते, नाकं अगदी सारखी.

"दादा," ती म्हणाली, "मी इथं राहू का?"

बाबांनी वस्तरा पाण्यात बुडवून हलवला. त्यांना प्रश्न कळला नाही असं क्षणभर मला वाटलं.

"राहूनच राहिली ना तू," ते म्हणाले, आणि हनुवटी वर करून गळ्याखालचा साबण काढू लागले.